गणित आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स यांचा एकत्र प्रकल्प : चित्रामागचे गणित तपासता येईल असा विषय हवा आहे

रावपुऱ्यातली

सर्वांना नमस्कार. मी बडोद्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गणित हा माझा मुख्य विषय आहे. माझी मावसबहीण बी.सी.ए. करते. आम्हा दोघींना मिळून एक प्रकल्प करण्याची परवानगी मिळाली आहे. अट एवढीच की त्यात माझ्या बाजूचे गणित आणि तिच्या बाजूचे प्रोग्रॅमिंग दोन्ही खरोखर असावे. हाताशी साधारण चौदा आठवडे आहेत. दोघींचे लॅपटॉप साधे आहेत, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. तिला पायथन बऱ्यापैकी येते. मला कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि थोडे संमिश्र संख्यांचे विश्लेषण येते.

पहिल्यांदा आम्ही मँडेलब्रॉट संचाचे चित्र काढून दाखवले. मार्गदर्शक सरांनी ते कौतुकाने पाहिले आणि विचारले, "सुरेख आहे, पण हे चित्र चुकीचे असते तर तुम्हाला कळले असते का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. नंतर विद्यापीठाच्या कला शाखेच्या घुमटाची त्रिमितीय प्रतिकृती करावी असे मनात आले. वास्तुकार चिझम यांच्या आराखड्याचा तो घुमट आम्ही रोज येता-जाता पाहतो आणि विजापूरच्या गोलघुमटाशी त्याची तुलना करणारे बडोदेकर घरोघरी आहेत. पण त्याची नेमकी मापे आमच्याकडे नाहीत, त्यामुळे तिथेही सरांचा तोच प्रश्न उभा राहणार.

तेव्हा विनंती अशी की, ज्यात चित्र हे सजावट न राहता गणिताची परीक्षा घेईल असा एखादा विषय जाणकारांनी सुचवावा. परिभाषेत चूक झाल्यास सांभाळून घ्यावे. शाळा गुजराती माध्यमातून झाली असल्याने मराठी गणिती शब्द मला आजोबांच्या जुन्या वह्यांतून मिळालेले आहेत.

निवृत्त गणितमास्तर

तुमच्या सरांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. चाळीसएक वर्षे शिकवताना मी विद्यार्थ्यांचे असे अनेक अहवाल वाचले, ज्यांत रंगीत चित्रे पंधरा आणि सिद्धता एकही नाही.

आधी मँडेलब्रॉट संचाबद्दल, कारण तुम्ही तो फार लवकर सोडलात असे मला वाटते. संख्येचा वर्ग करायचा, त्यात ठरलेली संमिश्र संख्या मिळवायची आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे, एवढीच त्यातली कृती. प्रोग्रॅममध्ये "केवलमूल्य २ च्या पुढे गेले की थांब" अशी एक ओळ असते. तुम्हीही ती लिहिली असणार, आणि बहुधा कुठून तरी उतरवून घेतली असणार. २ च का? एकदा २ ओलांडल्यावर ती संख्या कधीच परत येत नाही, हे त्रिकोण-असमता वापरून अर्ध्या पानात सिद्ध होते. ती सिद्धता अहवालात आली की त्या ओळीला आधार मिळतो. पुढे संचाचे क्षेत्रफळ ठिपके मोजून काढता येते. ते सुमारे १.५०६ येते, आणि जाळी बारीक करत गेल्यावर तुमचे उत्तर त्या आकड्याकडे किती सावकाश सरकते याचा तक्ता करणे हेही एक काम आहे. चित्र खूप मोठे करत गेल्यावर अचानक चौकोनी ठोकळे दिसू लागतात, ते संचाचे रूप नसून संगणक १५-१६ सार्थ अंकच सांभाळतो याचा परिणाम असतो, हेही विद्यार्थ्यांना क्वचितच माहीत असते. तरीही हा विषय इतक्या जणांनी हाताळला आहे की परीक्षक पहिल्या पानावरच कंटाळतील, हे मान्य.

माझी सूचना रांगोळीची आहे. आपल्याकडे ठिपके रेषांनी जोडतात. तमिळ कोलमच्या एका प्रकारात मात्र रेषा ठिपक्याला शिवत नाही, त्याला वळसा घालून पुढे जाते. ठिपक्यांच्या आयताकृती मांडणीत शेजारच्या दर दोन ठिपक्यांच्या मधोमध रेषा एकमेकींना तिरक्या छेदतात आणि कडेला कॅरमच्या सोंगटीसारख्या वळतात, असा नियम ठेवा. आता ५ ओळी आणि ७ स्तंभ घेतले तर सगळी रांगोळी हात न उचलता एकाच रेषेत पुरी होते. ६ आणि ९ घेतले तर तीन स्वतंत्र वेढे लागतात. १२ आणि १८ घेतले तर सहा. वेढ्यांची संख्या म्हणजे ओळी व स्तंभ यांच्या संख्यांचा मसावि. सिद्धतेसाठी कडेवर वळणारी रेषा वळवण्याऐवजी फळीच आरशात उलटी करत जायची, म्हणजे वाकडीतिकडी वाट सरळ रेषा होते आणि प्रश्न विभाज्यतेचा उरतो.

खरी गंमत त्यापुढे आहे. एखाद्या छेदबिंदूवर छोटा आरसा ठेवला, म्हणजे तिथे रेषा एकमेकींना न छेदता वळू दिल्या, तर वेढ्यांची संख्या कशी बदलते? दोन वेगळे वेढे तिथे भेटत असतील तर ते जुळून एक होतात. एकच वेढा तिथून दोनदा जात असेल तर तो कधी फुटतो आणि कधी एकच राहतो. एका आरशाने संख्या एकाहून जास्त घटू शकत नाही, म्हणून ६ बाय ६ ची रांगोळी अखंड करायला निदान ५ आरसे लागतात. ते नेमके कुठे ठेवावेत हे प्रोग्रॅमने शोधावे आणि चित्राने दाखवावे. इथे चित्र चुकले तर वेढे मोजताच कळते.

सममितीच्या अभ्यासासाठी, म्हणजे किनारीच्या नक्षीचे ७ आणि सपाट नक्षीचे १७ प्रकार वगैरेसाठी, पुष्कळ जण उत्साह दाखवतील. त्यात वर्गीकरण पाठ करण्यापलीकडे चौदा आठवड्यांत फारसे काही होत नाही, असा माझा अनुभव आहे.

कातीवकाम

मी मूळचा दांडिया बाजारातला, सध्या पुण्यात त्रिमितीय ग्राफिक्सचे प्रोग्रॅमिंग करतो. मास्तरांची रांगोळीची सूचना उत्तम आहे. माझी सूचना तिच्याहून थोडी जास्त कष्टाची आहे, पण ती तुमच्याच परिसरातली आहे.

डभोईच्या पुढे संखेडा आहे, तिथले लाखकाम केलेले सागवानी फर्निचर तुमच्या नात्यातल्या एखाद्या घरात तरी असेलच. ते खरादी लोक लाकूड फिरवून कापतात. गुजरातीत खरादाला संघाडो म्हणतात आणि गावाच्या नावाचा संबंध त्या शब्दाशी जोडला जातो. मराठीत आपण अशा कामाला कातीव म्हणतो. कातीव वस्तूचा गणिती अर्थ असा की एक वक्र अक्षाभोवती फिरवला की पूर्ण पृष्ठभाग मिळतो. म्हणजे पाळण्याचा किंवा चौरंगाचा एक पाय घ्या, त्याची बाह्यरेषा काढा, ती फिरवा. दिसायला हे दहा ओळींचे काम आहे. (पुढे जिथे जिथे "पाय" येईल तिथे तो लाकडाचा की वर्तुळाचा हे संदर्भाने घ्यावे, माझा नाइलाज आहे.)

पहिला टप्पा बाह्यरेषेचा. ती त्रिघाती बेझिए वक्रांच्या, म्हणजे मोजक्या नियंत्रणबिंदूंनी आकार ठरणाऱ्या वक्रांच्या, तुकड्यांनी काढा. पिएर बेझिए रेनो कंपनीत होते आणि त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून वक्राला त्यांचे नाव मिळाले. पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच सित्रोएनमध्ये तेच काम केले होते, पण कंपनीने ते बाहेर जाऊ दिले नाही. वक्र काढण्याची त्यांची रीत, म्हणजे बिंदूंच्या मधले बिंदू घेत घेत शेवटी एकाच बिंदूवर येणे, तुमच्या बहिणीने स्वतः लिहावी. या क्षणी तुम्ही वाचत असलेली देवनागरी अक्षरेसुद्धा पडद्यावर अशाच वक्रांनी उमटतात.

इथेच पहिले प्रमेय भेटते. पायात जो गोल मणी कोरलेला असतो त्याची बाह्यरेषा अर्धवर्तुळ असते आणि बेझिए वक्र अचूक वर्तुळ कधीच देऊ शकत नाही. दोन्ही सहनिर्देशक बहुपदी असतील तर त्यांच्या वर्गांच्या बेरजेत सर्वांत वरच्या घाताचा सहगुणक धनच राहतो, तो शून्य होऊ शकत नाही, मग बेरीज स्थिर कशी राहणार? दोन ओळींची सिद्धता आहे. तरीही पाव वर्तुळासाठी नियंत्रणबिंदू त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवले तर त्रिज्येतली चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के राहते. डोळ्याला ती कधीच दिसणार नाही. अहवालात मात्र ती यायला हवी.

दुसरा टप्पा घनफळाचा. बेझिए तुकडा फिरवल्यावर घनफळासाठी जो संकल घ्यावा लागतो तो बहुपदीचाच असतो, फक्त आठव्या घाताच्या. म्हणजे खरे घनफळ तुम्ही कागदावर अचूक काढू शकता. संगणक मात्र वर्तुळाऐवजी बहुभुज वापरतो. बाह्यरेषेचे आडवे छेद तेच ठेवून प्रत्येक वर्तुळाच्या जागी आतला १२ बाजूंचा बहुभुज घेतलात तर घनफळ खऱ्याच्या ३ भागिले पाय एवढे, म्हणजे साडेचार टक्क्यांनी कमी येते. २४ बाजू घेतल्या तर तूट १.१४ टक्के, ४८ घेतल्या तर ०.२९ टक्के. बाजू दुप्पट केल्या की तूट चौथाई होते. तुमच्या प्रोग्रॅमची तूट याप्रमाणे घटत नसेल तर प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक आहे, चित्र कितीही गोंडस दिसो. तुमच्या सरांना हवे होते ते उत्तर इथे सापडते.

तिसरा टप्पा पृष्ठफळाचा, आणि माझ्या मते प्रकल्पाचा जीव इथे आहे. लाख किती लागेल हे पृष्ठफळावर ठरते, म्हणून ते काढायचे म्हटले की कोणीही सहज म्हणेल: संगणक ज्या छोट्या त्रिकोणांच्या जाळीने पृष्ठभाग दाखवतो त्या सगळ्या त्रिकोणांची क्षेत्रफळे मिळवा, त्रिकोण बारीक करत जा, उत्तर आपोआप खऱ्याजवळ येईल. ते तसे येईलच असे नाही! हेर्मान श्वार्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले की साध्या वृत्तचितीवरसुद्धा हे फसते. वृत्तचितीवर वर्तुळांच्या आडव्या रांगा घ्या, प्रत्येकीवर सारख्या अंतराने बिंदू ठेवा, पण प्रत्येक रांग खालच्या रांगेपेक्षा अर्ध्या पावलाने फिरवा आणि बिंदू त्रिकोणांनी जोडा. सगळे शिरोबिंदू अचूक पृष्ठभागावरच आहेत. तरीही दोन रांगांमधल्या पट्ट्यांची संख्या एका रांगेतल्या बिंदूंच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवत नेली तर क्षेत्रफळाची सीमा भलतीच निघते. त्रिज्या १ आणि उंची १ असताना खरे उत्तर ६.२८ आहे, आणि पट्ट्या बिंदूंच्या वर्गाइतक्या घेतल्या तर सीमा सुमारे ३१.६ येते. पाचपट! त्याहून वेगाने वाढवल्या तर क्षेत्रफळ अनंताकडे जाते.

कारण चित्रात पाहावे. त्रिकोण इतके चपटे होतात की ते पृष्ठभागाला समांतर राहण्याऐवजी त्याच्याशी जवळजवळ काटकोनात उभे राहतात, कागदी आकाशकंदिलाच्या घड्यांसारखे. वर सांगितलेल्या सीमेत त्यांचे अभिलंब, म्हणजे पृष्ठाशी काटकोनात असलेल्या दिशा, खऱ्या अभिलंबापासून ७८ अंशांहून अधिक कललेले असतात.

आता ग्राफिक्सची बाजू. हेन्री गुरो यांनी १९७१ मध्ये आणि बुई तुआँग फाँग यांनी १९७५ मध्ये, दोघांनीही युटा विद्यापीठात असताना, त्रिकोणांच्या कडा लपवून पृष्ठभाग गुळगुळीत दाखवण्याच्या रीती दिल्या. त्यांत शिरोबिंदूंचे अभिलंब वापरून मधला उजेड भरून काढतात. तुम्ही सूत्रातून खरे अभिलंब दिलेत तर हा घडीदार कंदीलसुद्धा पडद्यावर जवळपास गुळगुळीत नळकांडे दिसेल आणि चूक झाकली जाईल. म्हणून प्रत्येक त्रिकोण त्याच्या स्वतःच्या अभिलंबाने, सपाट छटेत रंगवलेले चित्र आधी काढा आणि गुळगुळीत चित्र त्याच्या शेजारी ठेवा. एकच जाळी, दोन चित्रे, त्यांपैकी एक खोटे बोलणारे. अहवालाचे मुखपृष्ठ तेच करावे असे मी सुचवेन.

साधनांबद्दल थोडक्यात. तयार गेम इंजिनच्या मागे लागू नका, जाळी स्वतः बनवा. पायथनमधून ओबीजे फाइल लिहा. ती साधा मजकूर असते, तिच्यात बिंदू आणि त्रिकोण यांच्या ओळी असतात, त्यामुळे वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहता येते. मग ती ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. ते मोफत आहे आणि एवढ्या कामाला तुमचे लॅपटॉप पुरेसे आहेत.

भिंतीचित्र

मी चित्रकलेच्या बाजूची आहे, त्यामुळे श्वार्ट्स यांचा कंदील मला आज पहिल्यांदा समजला. एक वेगळी वाट सुचवते.

बडोद्याच्या तांबेकर वाड्यातल्या भिंतीचित्रांचे फोटो अरुंद खोल्यांमुळे समोरून घेता येत नाहीत, ते तिरके येतात. तिरक्या फोटोतून भिंत सरळ समोरून पाहिल्यासारखी करणे हा एका मॅट्रिक्सचा प्रश्न आहे. त्यात आठ अज्ञात असतात आणि ज्यांच्या खऱ्या जागा माहीत आहेत असे चार बिंदू, त्यांपैकी कोणतेही तीन एका रेषेत नसतील तर, आठ समीकरणे देतात. पाचवा बिंदू मुद्दाम बाजूला ठेवावा आणि सोडवलेले मॅट्रिक्स त्याला योग्य जागी नेते का ते पाहावे, म्हणजे तुमच्या सरांच्या प्रश्नाचे उत्तर इथेही मिळते. चुका दोन ठिकाणांहून येतील. जुना गिलावा सपाट नसतो, आणि भिंगामुळे सरळ कडा किंचित वाकतात. त्या दोन चुका एकमेकींपासून वेगळ्या करणे हेच काम अवघड आहे, आणि कदाचित तुमच्यासाठी तेच रंजक ठरेल. फोटो घेण्यापूर्वी तिथली परवानगी मात्र घ्यावी.

निवृत्त गणितमास्तर

कातीवकाम यांच्या सूचनेपुढे मी माझी रांगोळी आनंदाने मागे घेतो. फक्त एक भर घालतो. लाकडी पायाचे घनफळ तुम्ही कागदावर काढाल आणि जाळीवरूनही काढाल, पण ती दोन्ही उत्तरे तुमच्याच बाह्यरेषेतून आलेली असतील. बाह्यरेषा घेतानाच चूक झाली तर दोन्ही उत्तरे एकमताने चुकतील. म्हणून बाहेरचा एक साक्षीदार हवा. लाखकाम केलेला पाय पाण्यात बुडवू द्यायला घरातले कोणीच तयार होणार नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरातला तांब्या घ्या. तोही अक्षाभोवती फिरवलेल्या वक्रासारखाच आहे, फोटोवरून त्याची बाह्यरेषा घेता येते आणि त्यात काठोकाठ किती पाणी मावते ते मापाच्या भांड्याने मोजता येते.

रावपुऱ्यातली

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही कातीव वस्तूंचा विषय निवडला आणि सरांनी तो मान्य केला. सहा आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण दोन ठिकाणी अडलो आहोत.

आधी जमलेले सांगते. मामांच्या घरी संखेड्याचा जुना झोपाळा आहे, त्याच्या एका खांबाची बाह्यरेषा घेतली. खांबावर कागद लावून, गुण्याने दर बोटभर अंतरावर मापे घेतली. आजोबा शेजारी बसून मसावि शिकवण्याच्या जुन्या गोष्टी सांगत होते. शाळेत आम्ही त्यालाच गुसाअ म्हणायचो, हे ऐकून त्यांना पुन्हा एकदा वाईट वाटले. घनफळाची तूट १२, २४ आणि ४८ बाजूंना सांगितल्याप्रमाणेच आली. त्याआधी दोन दिवस ती तशी येत नव्हती, आणि शेवटी आढळले की शेवटचा बिंदू पहिल्याशी जोडायचा राहिला होता. चित्रात ती फट मागच्या बाजूला असल्यामुळे दिसतच नव्हती.

श्वार्ट्स यांचा कंदीलही केला. एका रांगेत १० बिंदू ठेवले. एकच पट्टी असताना क्षेत्रफळ ६.१९ आले, १० पट्ट्यांना ६.८८, १०० ला ३०.८७ आणि १००० ला ३०२.६. त्याउलट बिंदू १०० आणि पट्ट्याही १०० ठेवल्या तर ६.२९, म्हणजे खऱ्याच्या अगदी जवळ. सपाट छटेतले चित्र पाहून घरातल्या सर्वांनी "दिवाळीचे काम आत्ताच काढले का?" असे विचारले.

आता अडचणी. पहिली तांब्याची. तो साधारण १२ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याचे पोट बरेचसे गोलासारखे आहे. ओट्यावर ठेवून, मोबाइल फूटभर अंतरावर धरून फोटो काढला. मागे पट्टी उभी करण्याऐवजी ती तांब्याच्या अक्षाच्या रेषेत बाजूला उभी केली होती, म्हणजे अंतराचा फरक पडू नये. पत्र्याची जाडीही वजा केली. तरी फोटोवरून काढलेले घनफळ मोजलेल्या पाण्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्तच येते. तीन वेळा मोजले. चूक कुठे असावी?

दुसरी अडचण अभिलंबांची. खांब कमी जागेत दाखवायचा म्हणून उंची अर्धी केली, जाडी तशीच ठेवली. बिंदूंना जे मॅट्रिक्स लावले तेच अभिलंबांनाही लावले. तेव्हापासून मण्यांवरचा उजेड विचित्र पडतो आहे.

कातीवकाम

बाजूला उभी केलेली पट्टी पाहून बरे वाटले. पहिल्याच प्रयत्नात हे फार कमी जणांना सुचते. पण तुमची चूक पट्टीत नाही, तांब्याच्या पोटात आहे.

गोलाकडे जवळून पाहताना त्याची जी कड दिसते ती त्याचे सर्वांत मोठे वर्तुळ नसते. डोळ्यापासून निघालेल्या स्पर्शिका गोलाला जिथे टेकतात ते वर्तुळ दिसते, आणि ते आपल्याकडे थोडे पुढे सरकलेले असते. ते आकाराने थोडे लहान असते, पण जवळ असल्यामुळे दिसते मोठे. काटकोन त्रिकोण काढून पाहिलात तर असे निघेल: अक्षाच्या पातळीवर उभ्या केलेल्या पट्टीवर वाचलेली त्रिज्या ही खऱ्या त्रिज्येला, १ मधून त्रिज्या व अंतर यांच्या गुणोत्तराचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागल्याइतकी असते. तुमची त्रिज्या ६ सेंटिमीटर आणि अंतर ३०, म्हणजे गुणोत्तर एक पंचमांश. १ वजा ०.०४, त्याचे वर्गमूळ ०.९८ च्या आसपास, म्हणून त्रिज्या दोन टक्क्यांनी जास्त दिसते. पूर्ण गोल असता तर घनफळात त्याचा घन होऊन ६.३ टक्के चूक आली असती. तुमच्या तांब्याला मान आहे, त्यामुळे ती थोडी कमी आली असावी.

उपाय सोपा आहे. मोबाइल चार फूट अंतरावर न्या आणि चित्र झूम करा. गुणोत्तर एक विसांश झाले की त्रिज्येतली चूक एका टक्क्याच्या आठव्या हिश्शावर येते. मात्र पहिला फोटो टाकून देऊ नका. दोन्ही फोटोंचे घनफळ, वरचे सूत्र आणि मोजलेले पाणी एका तक्त्यात ठेवा. ग्राफिक्सच्या पुस्तकांत दृष्टिक्षेपाचे मॅट्रिक्स असते, ते इथे तुमच्या तांब्यातून तपासले जाते.

अभिलंबांचे असे आहे. स्पर्शिका बिंदूंबरोबर बदलते, पण अभिलंबाची व्याख्याच स्पर्शिकेशी काटकोन अशी आहे आणि एकाच दिशेने दाबलेल्या चित्रात काटकोन टिकत नाहीत. कागदावर ४५ अंशांची रेषा आणि तिचा लंब काढा, उभ्या दिशेने अर्धे करा: रेषा आणि लंब दोन्ही आडव्याकडे झुकतात आणि त्यांच्यातला कोन बिघडतो. बिंदूंना एखादे मॅट्रिक्स लावले तर अभिलंबांना त्याच्या व्यस्त मॅट्रिक्सचे परिवर्त (ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करून मिळणारे मॅट्रिक्स) लावावे लागते. ते का, हे सिद्ध करायला आतील गुणाकार शून्य राहिला पाहिजे एवढी एकच अट पुरते. तुमच्या बाबतीत उंची अर्धी केली असेल तर अभिलंबाचा उभा घटक दुप्पट करायचा आणि मग त्याची लांबी पुन्हा १ करायची. निव्वळ फिरवण्यात हा प्रश्न का येत नाही, हेही लिहा. फिरवण्याच्या मॅट्रिक्सचे व्यस्त आणि परिवर्त एकच असतात, म्हणून दोन्ही केल्यावर मूळचे मॅट्रिक्स परत मिळते आणि चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझीही आली नव्हती.

निवृत्त गणितमास्तर

तांब्याच्या सूचनेत मी स्वतः हा स्पर्शिकांचा मुद्दा विसरलो होतो, हे कबूल करतो.

मुलींनो, मागच्या बाजूची ती फट, जिच्यामुळे दोन दिवस गेले, ती अहवालात अवश्य लिहा. आणि एक सोपी तपासणी प्रोग्रॅममध्ये कायमची घालून ठेवा: खांबाची दोन्ही टोके बंद केल्यावर शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठे यांची बेरीज २ आली पाहिजे, आणि प्रत्येक कड बरोबर दोन त्रिकोणांत आली पाहिजे. शिवण उघडी राहिली असती तर काही कडा एकाच त्रिकोणात सापडल्या असत्या आणि संगणकानेच तुम्हाला पहिल्या मिनिटाला सांगितले असते. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

रावपुऱ्यातली

कडांची तपासणी आजच घातली. झोपाळ्याचा खांब नीट बंद निघाला, पण कंदिलाच्या वरच्या टोकाला झाकणच दिले नव्हते, तिथे १० कडा एकेकट्या सापडल्या. अभिलंब दुरुस्त केल्यावर मण्यांवरचा उजेड जागेवर आला. तांब्याचा लांबून घेतलेला फोटो उद्या सकाळी, ओटा रिकामा असेल तेव्हा.